धर्मवाचक नावे आणि संक्षेप : प्रस्तावना

बरुआसागरजवळच्या ‘जराई का मठ’ या वास्तूत मठ म्हणावे असे काही नाही. ते देऊळ आहे. झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नवव्या शतकात, प्रतिहारांच्या काळात ते बांधले गेले. मधोमध मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, अशी त्याची पंचायतन रचना होती. कोपऱ्यांतली देवळे बहुतेक ढासळली. मुख्य मंदिर उभे आहे आणि त्याच्या दाराच्या चौकटीवर कोरीवकामाने जवळजवळ जागाच शिल्लक ठेवलेली नाही. बुंदेलखंडात जुन्या, ओस पडलेल्या देवळाला ‘मठ’, ‘मढ’ किंवा ‘मढिया’ म्हणायची रीत आहे. बरुआसागरच्या तलावाकडेला ग्रॅनाइटमध्ये बांधलेल्या चंदेलकालीन देवळांचे अवशेष आहेत. त्यांतल्या जुन्या देवळालाही लोक ‘घुघुआ मठ’ म्हणतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मठ म्हटला की संन्यासी, शिष्यपरिवार आणि गादी येते. त्यामुळे पाटीवरचे नाव वाचतानाच त्याची दिशाभूल होते, आणि त्यात पाटी लिहिणाऱ्याचा काही दोष नसतो.

पुढचा प्रश्न देवतेचा. पर्यटकांसाठी लिहिलेल्या अनेक वर्णनांत हे मंदिर शिव-पार्वतीचे म्हणून येते. मूर्तिशास्त्राच्या अंगाने लिहिणारे ते देवीचे मानतात आणि काही जण तिला अंबिका म्हणतात. काळाचेही तसेच आहे. कुठे ते ‘गुप्त’ म्हटले आहे, कुठे ‘चंदेल’, तर मंदिरस्थापत्याचे अभ्यासक ते प्रतिहारांकडे देतात. यांपैकी राजवटीचा वाद तुलनेने सोपा, कारण शिखराची घडण, द्वारशाखांची मांडणी आणि शेजारच्या तारीख ठाऊक असलेल्या देवळांशी तुलना करून तो बऱ्याच अंशी सोडवता येतो. ‘अंबिका’ हा शब्द मात्र सोपा नाही. शाक्तांची अंबिका आहे, तशी बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षीही अंबिकाच. दोघींचे वाहन सिंह. जैन अंबिकेजवळ आंब्याची डहाळी आणि मूल असते, म्हणून प्रत्यक्ष मूर्ती पाहिल्यावर ओळख पटते. पण ज्याने केवळ कोशातली नोंद वाचली, त्याला ‘अंबिकेचे मंदिर’ एवढ्या शब्दांवरून धर्म ठरवता येणार नाही. बुंदेलखंडातल्या देवगडसारखे जैन मूर्तींनी भरलेले ठिकाण ज्या टापूत आहे, तिथे ही शंका निव्वळ तात्त्विक राहत नाही.

धर्मवाचक नावांची व्याख्या करताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका देवळापाशी गोळा झालेल्या दिसतात. नाव स्थानिक लोकांनी दिलेले, वर्गीकरण सरकारी खात्याने केलेले, देवतेची ओळख अभ्यासकांनी पटवलेली, आणि वाचणारा चौथाच कोणीतरी, दुसऱ्या भाषेच्या सवयी घेऊन आलेला. अशा वेळी लेखकाला निःपक्षपाती व्हायचे असेल तर गुळगुळीत शब्द शोधून काम भागत नाही. नाव कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या कामासाठी आणि केव्हा, हे नोंदीतच लिहावे लागते. ‘जराई का मठ या नावाने ओळखले जाणारे प्रतिहारकालीन देवीमंदिर, काही वर्णनांत शिव-पार्वतीचे म्हणून उल्लेख’ अशी नोंद लांबट वाटेल, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी नावावर मांडता येतो.

लोकांनी दिलेली नावे चुकीची ठरली म्हणून ती पुसून टाकणेही बरोबर नाही. वेरूळचे बत्तीस क्रमांकाचे लेणे जैन आहे, तरी त्याचे नाव ‘इंद्रसभा’. तिथला हत्तीवर बसलेला यक्ष पाहणाऱ्यांना इंद्र वाटला, समोरची सिंहारूढ अंबिका इंद्राणी वाटली आणि नाव चिकटले. नाशिकची लेणी सातवाहन आणि क्षहरात काळातील बौद्ध लेणी आहेत; गौतमी बलश्रीचा आणि नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथल्या भिंतींवर वाचता येतात. तरी रिक्षावाल्याला ‘पांडवलेणी’ सांगितल्याशिवाय तो तिथे नेणार नाही. वेरूळच्या पाचव्या लेण्याला ‘महारवाडा’ म्हणत. हे नाव वेगळ्या जातीचे आहे. इंद्रसभा किंवा पांडवलेणी या नावांत केवळ कथेचा गोंधळ आहे. ‘महारवाडा’ या नावात बौद्ध विहाराकडे गावकुसाबाहेरची जागा म्हणून पाहण्याची नजर आहे. कोशकाराने पहिली दोन नावे शीर्षक म्हणून ठेवली तरी चालेल. तिसरे नाव नोंदीच्या आत, इतिहास म्हणून यावे, कारण जुन्या पुस्तकांत ज्याला ते आढळले तो वाचक ते शोधायला येईलच.

माणसांच्या समूहांना दिलेल्या नावांत हा फरक जास्त टोचतो. चक्रधरस्वामींच्या अनुयायांना महाराष्ट्र शतकानुशतके ‘मानभाव’ म्हणत आला आणि त्या नावावरून ‘मानभावी’ हे वरून साळसूद, आतून कपटी अशा अर्थाचे विशेषण मराठीत रूढ झाले. पंथाचे लोक स्वतःला महानुभाव म्हणवतात. जुन्या ग्रंथांत ‘परमार्ग’ हे नाव येते. पंजाबात हाच पंथ ‘जयकृष्णी’ आणि गुजरातेत ‘अच्युतपंथ’ म्हणून ओळखला गेला. नोंद अर्थातच ‘महानुभाव’ या नावाखाली हवी. ‘मानभाव’ ही केवळ ‘महानुभाव पाहा’ अशी निर्देशनोंद हवी. तिच्यात आणखी एक शब्दही नको. ‘मानभावी’ हे विशेषण मात्र भाषेच्या कोशात राहणार, कारण ते लोकांच्या बोलण्यात आहे. तिथे त्याची व्युत्पत्ती सांगताना पंथाबद्दलचा पूर्वग्रह तिच्यामागे आहे हे एका वाक्यात सांगितले की पुरे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, कारण तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम करत नसत. नाव निंदेचे नव्हते, पण ते जातीच्या चौकटीतले होते. धर्माचा त्यात पत्ताच नव्हता. यातले बरेच लोक इस्राएलमध्ये गेले, तेव्हा विवाहाच्या नोंदणीसाठी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाबद्दल शंका काढली. निदर्शने झाली, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले. अलिबागला ‘तेली’ आणि जेरुसलेमला ‘संशयित यहुदी’ अशी दोन बिरुदे एकाच घराण्याने एका शतकात सोसली असतील. या समाजाची व्याख्या ‘कोकणातील मराठीभाषक यहुदी’ अशी करताना ‘यहुदी असल्याचे मानले जाते’ हे शेपूट जोडणाऱ्याने आपण कोणत्या बाजूने बोलतो आहोत ते तपासून पाहावे. ‘मानले जाते’, ‘तथाकथित’, ‘स्वतःला म्हणवणारे’ ही पदे निरुपद्रवी दिसतात, पण कोशात ती नेहमी एकाच बाजूच्या नावाला लागतात.

अशाच कारणाने अहमदिया समाजाची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाखाली करावी आणि ‘कादियानी’ हे बहुधा विरोधक वापरतात असे नाव निर्देशापुरते ठेवावे. जुन्या मराठी बखरींत मुसलमानांसाठी ‘अविंध’ आणि ‘यवन’ हे शब्द सर्रास येतात. अविंध म्हणजे कान न टोचलेला. यवन मुळात ग्रीकांचे नाव. बखरीचा उतारा देताना हे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, अर्थ पहिल्या ठिकाणी सांगायचा आणि लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ते कधीही येऊ द्यायचे नाहीत. अठराव्या शतकातल्या मराठे-बुंदेले संघर्षाबद्दल लिहिताना, ज्याची धग बरुआसागरलाही लागली, मराठीतले लेखक बखरीची भाषा उसनी घेतात आणि पुढच्याच परिच्छेदात ती आपली म्हणून वापरू लागतात. उताऱ्याभोवतीचे अवतरणचिन्ह कुठे संपले हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

‘नवबौद्ध’ हा शब्द महाराष्ट्रात सर्वांत जास्त कागदांवर छापला गेलेला वादग्रस्त शब्द असावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दीक्षा घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते बौद्ध झाले. ‘नव’ लावण्याचे कारण नव्हते आणि त्यातून कमीपणा ध्वनित होतो असा आक्षेप तेव्हापासून आहे. धर्मांतराच्या आदल्या दिवशी आंबेडकरांनी ‘नवयान’ हा शब्द वापरल्याचे सांगितले जाते, आणि त्याचा आधार घेऊन ‘नव’ला दोष नाही असे म्हणणारेही आहेत. सरकारी कारण निराळे होते. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. राज्याने आपल्या पातळीवर तशा सवलती द्यायचे ठरवल्यावर त्या कोणाला द्यायच्या हे सांगण्यासाठी एक शब्द लागला. १९९० साली त्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तरी ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा जोडशब्द महाराष्ट्राच्या योजनांमध्ये आजही टिकून आहे. म्हणून कोशात हे धर्माचे नाव म्हणून देता येत नाही. तो प्रशासनातला एक वर्ग आहे. २०११च्या जनगणनेत देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते; त्यांच्यातल्या कोणालाही धर्माच्या रकान्यात ‘नव’ लिहिण्याची सोय नव्हती.

व्याख्येला हेतू जोडलेला नसला तर काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला मुंबई प्रांतात घडला आणि त्याचा एक धागा बरुआसागरपर्यंत जातो. १९४७ साली प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. (‘हरिजन’ हाही आज टाळला जाणारा शब्द, कायद्याच्या नावात तो बदलता येत नाही.) त्यातील ‘हिंदू’ या शब्दाच्या व्याख्येत जैनांचा समावेश होता. आचार्य शांतिसागर महाराज, मूळचे बेळगाव भागातील भोज गावचे, यांनी जैन मंदिरांना हा कायदा लावण्याविरुद्ध अन्नत्याग (धान्याच्या आहाराचा त्याग) केला आणि तो सुमारे तीन वर्षे पाळला. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या दिगंबर जैन मंदिराचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या न्यायालयाने निकाल दिला. ‘हिंदू’ मध्ये जैन येतात असे व्याख्या म्हणत असली, तरी त्यामुळे दोन धर्मांतला भेद पुसला गेला असा अर्थ होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याचा हेतू अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना इतर हिंदूंच्या बरोबरीने आणणे हा होता. ज्या मंदिरात इतर हिंदूंनाच प्रवेशाचा हक्क नव्हता, तिथे तो हक्क नव्याने निर्माण होत नाही.

या निकालावरून ‘जैनांचा मंदिरप्रवेशाला विरोध होता’ असे एका वाक्यात लिहिणे सोपे आहे, आणि ते चुकीचे आहे. त्याच वर्षांत बुंदेलखंडात क्षुल्लक (दिगंबर जैनांतील, मुनीच्या खालच्या पायरीवरचे त्यागी) गणेशप्रसाद वर्णी मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांना स्वधर्मीयांचा रोष पत्करावा लागला. वर्णी १८७४ साली आजच्या ललितपूर जिल्ह्यात एका असाटी वैश्य, म्हणजे हिंदू, कुटुंबात जन्मले. लहानपणीच ते जैन आचाराकडे वळले. काशीचे स्याद्वाद महाविद्यालय १९०५ साली त्यांच्याच खटपटीने उभे राहिले. बरुआसागर हे त्यांच्या नेहमीच्या मुक्कामाचे ठिकाण होते आणि ‘मेरी जीवन गाथा’ या त्यांच्या आत्मकथनात ते पुन्हा पुन्हा येते. जन्माने एक, आचरणाने दुसरा आणि मंदिराच्या दारात दोन्हीकडच्या कर्मठांना नकोसा, असा हा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा? नोंदीत ‘जैन’ लिहायचे, कारण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. जन्माचे कुळ चरित्राच्या ओळीत सांगायचे. शांतिसागर महाराज आणि वर्णी दोघेही दिगंबर जैन, दोघांचीही धर्मनिष्ठा वादातीत. ‘जैनांची भूमिका’ असे एकवचनी शीर्षक दिले की यांतला एक जण गळतो.

अकलूजच्या उलट टोकाचा निकाल १९६६ सालचा. अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याचे सांगत मंदिरप्रवेशाच्या कायद्यातून सूट मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी त्या निकालात हिंदू धर्म म्हणजे काय याची लांबलचक चर्चा केली, आणि पुढे ती जिथे तिथे उद्धृत होऊ लागली. ती उद्धृत करणारे सहसा हे सांगत नाहीत की प्रश्न एका मंदिराच्या दाराचा होता, धर्मशास्त्राच्या कोशाचा नव्हता. न्यायालयाची व्याख्या त्या खटल्यापुरती पक्की असते. कोशात ती उचलून ठेवताना खटल्याचे नाव आणि वर्ष काढून टाकले की ती दुसरीच गोष्ट होते.

कायद्याचीही तीच तऱ्हा. १९५५चा हिंदू विवाह कायदा वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज आणि आर्य समाज यांना हिंदू धर्माची रूपे म्हणून नावानिशी मोजतो. बौद्ध, जैन, शीख यांना त्याच कलमाच्या वेगळ्या खंडात ठेवतो, पण कायदा त्यांनाही लावतो. आणि शेवटी मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नसलेल्या इतर कोणालाही, वेगळी रूढी सिद्ध केली नसेल तर, त्याच छत्राखाली घेतो. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात, हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करण्याच्या संदर्भात, शीख, जैन आणि बौद्ध हिंदूंच्या उल्लेखात धरले आहेत. दुसरीकडे अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२च्या कायद्याखाली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी अशी पाच नावे आधी जाहीर झाली. जैनांच्या समावेशासाठी बाळ पाटील न्यायालयात गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून जैनांचे नाव घातले. बरुआसागरच्या एखाद्या जैन दुकानदाराचे लग्न हिंदू विवाह कायद्याने होते, मुलाला शिष्यवृत्ती अल्पसंख्याक म्हणून मिळते आणि जनगणनेत त्याचा सांकेतिक अंक वेगळा असतो. यांत विसंगती शोधणारे शोधोत. तीन कायद्यांना तीन कामे करायची आहेत एवढाच त्याचा अर्थ. ‘जैन हे हिंदू आहेत काय’ या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर देणारी नोंद दोन्हीकडून अपुरी ठरेल.

जेव्हा समाजातच नावावर एकमत नसते, तेव्हा स्वतःचे नाव वापरा हा नियमही तोकडा पडतो. वीरशैव आणि लिंगायत ही दोन नावे काही जण एकाच अर्थाने वापरतात. दुसरे काही जण पंचाचार्यांची प्राचीन परंपरा सांगणारे ते वीरशैव आणि बाराव्या शतकातल्या बसवण्णांना प्रवर्तक मानणारे ते लिंगायत, असा भेद करतात. कर्नाटक सरकारने २०१८ साली स्वतंत्र धर्माच्या मान्यतेसाठी केंद्राकडे शिफारस केली तेव्हा हा वाद चव्हाट्यावर आला. लातूर, सोलापूरपासून सांगलीपर्यंत त्याचे पडसाद उमटले. इथे कोशाने दोन्ही नावांच्या नोंदी कराव्यात, दोन्हींत दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिच्याच शब्दांत द्यावे आणि ‘वीरशैव-लिंगायत’ असा जोडशब्द करून वाद मिटल्याचा आव आणू नये. आडवी रेघ दिसायला तटस्थ असते, पण एकच समाज मानणाऱ्यांच्या बाजूने ती मत देऊन मोकळी होते. आदिवासींच्या बाबतीत जनगणनेचा ‘इतर धर्म व पंथ’ हा रकाना असेच काम करतो. २०११ साली त्यात ७९ लाख माणसे होती. त्यांतल्या ४९ लाखांहून अधिक लोकांनी ‘सरना’ असे स्पष्ट लिहिले होते आणि सुमारे दहा लाखांनी गोंडी धर्म. ‘इतर’ हे त्यांच्यापैकी कोणाच्याही धर्माचे नाव नाही.

संक्षेपांचा भाग कोरडा वाटतो, म्हणून प्रस्तावनांमध्ये तो एका तक्त्यात उरकला जातो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. बुंदेलखंडातल्या मूर्तींच्या पीठांवर आणि जैन ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ‘वि. सं.’ आणि ‘वी. नि. सं.’ हे दोन्ही काळ आढळतात. पहिला विक्रम संवत, इसवी सनाच्या सत्तावन्न वर्षे आधीचा. दुसरा वीर निर्वाण संवत, इ. स. पू. ५२७ पासूनचा. दोहोंत ४७० वर्षांचे अंतर. काही ठिकाणी दुसऱ्याचे ‘वी. सं.’ असे आणखी आखूड रूप केलेले असते, आणि छापताना एक वेलांटी ऱ्हस्व झाली की संपले. आधुनिक ग्रंथावर २४७४ हा आकडा असेल तर विक्रम संवताने तो पंचविसाव्या शतकात जातो, म्हणून चूक लगेच कळते. १५०० असा आकडा असेल तर मात्र वाचकापुढे इ. स. १४४३ आणि इ. स. ९७३ असे दोन्ही पर्याय उभे राहतात, आणि दोन्ही शक्य कोटीतले. मराठी वाचक त्यात शक मिसळून तिसरा पर्याय, १५७८, तयार करतो. संक्षेपाशेजारी इसवी सन दिला नाही तर मूर्तीचे वय सुमारे सहा शतकांच्या आत कुठेही फिरते.

आकड्यांचे आदरवाचक संक्षेप हे त्याहून फसवे. दिगंबर जैनांत ‘श्री १०८’ मुनींना, ‘श्री १०५’ क्षुल्लक आणि आर्यिकांना, आणि ‘श्री १००८’ फक्त तीर्थंकरांना लावतात. वैष्णव आखाडे आणि संन्याशांच्या परंपरांत ‘श्री श्री १००८’ हयात महंतांच्या नावामागे सहज येते. बरुआसागर, झाशी, ओरछा या पट्ट्यात दोन्ही परंपरांच्या पाट्या एकाच भिंतीवर लागतात. ज्याला फक्त एक रीत ठाऊक आहे त्याला दुसरी उद्धट वाटेल, नाहीतर अतिशयोक्त. एकाच व्यक्तीचा आकडाही काळानुसार बदलतो. गणेशप्रसाद वर्णी दीर्घकाळ ‘१०५ क्षुल्लक’ होते. १९६१ साली इसरी येथे अखेरच्या दिवसांत त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि ते ‘१०८ मुनी गणेशकीर्ती’ झाले. त्यांच्या १९५०च्या भाषणाखाली १०८ छापणे हा आदर नव्हे, कालविपर्यास आहे.

साध्या अक्षरांचे संक्षेप तर रोजच्या कागदांतलेच. ‘दि.’ म्हणजे मराठी माणसाला दिनांक. जैन मंदिराच्या पाटीवर दिगंबर. आणि जुन्या सहकारी संस्थांच्या नावांत ‘दि’ हे इंग्रजी उपपद. ‘ब्र.’ हा ब्रह्मचारी, पण जातीच्या यादीत ब्राह्मण. ‘अ. जा.’ म्हणजे अनुसूचित जाती आणि ‘अ. ज.’ म्हणजे अनुसूचित जमाती. मराठी अर्जांवर या दोन घटनात्मक वर्गांमध्ये फक्त एक काना उभा आहे. हिंदी कागदांत दुसऱ्याचे ‘अ. ज. जा.’ होते, त्यामुळे झाशीच्या कार्यालयातला कारकून ‘अ. जा.’ आणि ‘अ. ज. जा.’ अशा जोडीकडे पाहतो, तर नागपूरचा निराळ्या जोडीकडे. असा संक्षेप शक्यतो छापूच नये.

मृतांच्या नावापुढच्या अक्षरांना तर उघड धर्म असतो. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. वारकऱ्याच्या नावापुढे ‘वै.’ शोभते, आणि वैद्यांच्या नावापुढे तेच हयात माणसाला मारून टाकते. मुसलमान व्यक्तीसाठी मराठीत ‘पै.’, पैगंबरवासी, चालते. आंबेडकरी बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात. तिथे सवयीने ‘कै.’ छापणारा संपादक मृताला त्याने सोडलेल्या धर्मात परत नेऊन बसवतो. स्मरणिकांत हे वारंवार घडते आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापली जात नाही. सर्वांसाठी ‘दिवंगत’ वापरता येतो. काहींना तो कोरडा वाटतो, पण कोशाने कोणाच्याही आत्म्याचा पत्ता सांगण्याची गरज नाही. ‘इ. स.’ मधली ‘इसवी’ ईसाच्या नावावरूनच आली आहे, तरी तो संक्षेप आता निव्वळ कालगणनेचा झाला आहे. तिथे नवे काही घडवण्याची घाई करू नये.

देवनागरीत मोठी अक्षरे नसल्याने संक्षेप आणि शब्द यांत फरक करणारे एकमेव चिन्ह म्हणजे अक्षरापुढचे टिंब, आणि ते छपाईत सर्वांत आधी पडते. म्हणून संक्षेपसूचीत प्रत्येक संक्षेप टिंबासह द्यावा. एकाच अक्षराचे दोन अर्थ असतील तर दोन्ही देऊन कोणता अर्थ कोणत्या प्रकारच्या नोंदीत घ्यायचा ते लिहावे. लेखात तो पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण रूप द्यावे, आणि अवतरणातला संक्षेप न उलगडता ठेवून उलगडा चौकटी कंसात करावा. ‘सं.’ मात्र सूचीतून काढलेलाच बरा. संवत, संपादक, संस्कृत, संस्थान आणि संस्थापक यांपैकी काय ते दर वेळी पूर्ण लिहिले तर पुस्तकाची पाने थोडी वाढतील, एवढेच.